लाईट चालू, चहा बंद

अहो, चहा बंद केला म्हणून कोणी नवऱ्याला कसाई म्हणतं का? आमच्या बायकोनं म्हटलं! दवाखान्याच्या व्हरांड्यात, सगळ्या पेशंटांसमोर! मी काय तिचं माहेर बंद केलं नव्हतं, चहा बंद केला... आणि तोही तिच्याच जिवासाठी. सांगा, माझं काय चुकलं?

तुम्हाला नीट सांगतो. नवसाबाईला, म्हणजे आमच्या मंडळीला, पिशवीच्या तोंडाला गाठ निघाली. कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, रोज लाईट द्यायची, म्हणजे मशिनीतून किरणं, आणि आठवड्यातून एकदा सलाईनमधून औषध. मी विचारलं, ही लाईट आत जाऊन करते काय? तर म्हणे, "बाबा, बाहेर थांबा." थांबलो! चौथी नापास माणूस, कुठंही गेला तरी बाहेरच थांबतो.

पण आमची पुतणी प्रतिभा नाशकात एमेस्सी करते, आणि तिचा अभ्यास कशाचा? ह्याचाच! माणसाचं रक्त घ्यायचं, त्याला लाईट मारायची आणि भिंगातून बघायचं काय मोडलं ते. माझंबी घेतलं होतं नळीभर. मी म्हटलं, "बाई, डॉक्टर सांगत नाय, तू तरी सांग." तर म्हणाली, "तात्या, आपल्या झेंडूच्या माळा असतात ना, तसे रक्तात बारीक धागे असतात. लाईटनं ते तुटतात. पण शरीर गप बसत नाय, लगेच गाठी मारून परत जोडतं." हां, म्हटलं, म्हणजे बाजाराला नेताना टेम्पोत माळा तुटल्या की आपल्या मळ्यातल्या बाया सांधायला बसतात तसं. "बरोबर! पण त्यात मी असं औषध घालते, की त्या बायांचे हात धरले जातात. मग तुटलेलं तसंच राहतं, नायतर ह्या माळेचं टोक त्या माळेला, एखादीची दोन्ही टोकं एकमेकांना लागून नुसतं कडं! लाईट आणि औषध दोन्ही मिळून जास्त नासाडी."

मी म्हटलं, असलं कसलं गं औषध? तर म्हणाली, "बरीच हायत. मी वापरते ते चहात असतं तेच."

चहात!

अहो, माझ्या पायाखालची जमीन सरकली! इकडं बायकोला रोज लाईट, धागे तुटतायत पटापटा, आणि वरून ती पितेय दिवसभर चहा! सांधणारे सगळे हात धरलेले! पुढचं ऐकायला थांबलो नाय. घरी गेलो, पत्तीचा डबा उचलला आणि कोथमिरीच्या वाफ्यात रिकामा केला. सांगा, माझं काय चुकलं?

मग भेटायला येणारी माणसं सुरू झाली. मेहुणी कमळाबाई नांदगावहून एसटीनं आली, तिच्या हातात लिंबूपाणी. "दाजी, चहा नाय?" नाय. चहानं सांधणाऱ्या बायांचे हात धरले जातात. "कोणत्या बायांचे?" आतल्या! ती नवसाबाईला म्हणते कशी, "ताई, तुझ्या आधी दाजींना दाखवायला पायजे." विंचूरचे व्याही रावजी आले, ते मोठ्या मनाचे... "भिमाजीराव, अडचण असंल तर सांगा, दोन किलो पत्ती पाठवतो." अडचण! मी इथं माणसाचे धागे वाचवतोय!

पण झालं असं, की आमच्या मंडळीला चहात भाकरी कुस्करून खायची सवय. लग्न झाल्यापासून. लाईट सुरू झाल्यावर तिला भाजी नको, वरण नको, उलट्या... पोटात जायची ती तेवढी चहा-भाकरी. तीच मी बंद केली. बाई वाळत चालली. मला वाटलं, लाईटनं. दवाखान्याच्या व्हरांड्यात काट्यावर उभी केली तर डॉक्टर माझ्याकडंच बघायला लागले. "असं वजन उतरलं तर लाईट मधेच थांबवावी लागेल. थांबली तर गाठीला सवड मिळेल. खात का नाहीत ह्या?"

तवा ती म्हणाली. "विचारा ना ह्या कसायाला."

मी सगळं सांगितलं. माळा, बाया, चहा. नर्सनं तोंडाला रुमाल लावला. डॉक्टर हसले नाय, ते बरं. म्हणाले, "बाबा, नळीत जेवढं घालतात तेवढं कपातून रक्तात उतरत नाही. तेवढा चहा प्यायला टिपाड लागेल, आणि माणूस आधी टिपाडानंच मरेल. आणि ऐका, सलाईनमधून आम्ही देतो ना, ते औषध गाठीच्या बायांचे हात धरायलाच देतो! लाईटनं गाठीचे धागे तुटावेत आणि परत जुळू नयेत म्हणून."

म्हणजे जे व्हायला नको म्हणून मी पत्ती वाफ्यात टाकली, तेच हे पैसे घेऊन मुद्दाम करत होते! मग हे पयल्या दिवशी सांगायला काय झालं होतं? बाहेर थांबा म्हणे! सांगा, माझं काय चुकलं?

तिथंच, दवाखान्याच्या पायरीवर, टपरीतून चहा आणून दिला. तिनं त्यात टोस्ट बुडवला, खाल्ला, दुसरा खाल्ला. माझ्याकडं बघितलं नाय, पण खाल्ला. वजन उतरायचं थांबलं, लाईटचा कोर्स पुरा झाला, गाठ विरली. आज दिवसातून चार वेळा चहा घेते आणि माझ्याशी भांडते, म्हणजे तब्येत चांगली हाय.

आता राहिलो मी. सगळ्या गणगोताला चहा कसा वाईट ते मीच पटवून ठेवलेलं. त्यामुळं कुठंही जावा, लग्नाला, दहाव्याला, सगळ्यांना चहा येतो आणि कोणीतरी आतून ओरडतं, "तात्यांना नको गं, तात्यांना दूध दे!" पेला भरून, वर जाड साय. मला दूध पचत नाय. पितो.