ताईंनी सांगितलंय!

...नाही, नाही, इथे नको, तिकडे बसा, त्या पंख्याच्या बाजूला! इकडे वास येतो. कसला म्हणजे? कांद्याचा! माझ्या डोक्याला येतोय हो तो. दोनदा साबण लावलाय, एकदा लिंबू चोळलंय, तरी सकाळी बसमध्ये शेजारची बाई डोळे पुसत पुसत उठून उभी राहिली, आणि कंडक्टर मला म्हणतो, "काका, काय बोललात त्यांना?" आता बोला! अहो, या डोक्यावर एकूण केस मोजायचे तर हातांची बोटं पुरतात... बरं, पायांचीही धरू... आणि त्यावर रोज सकाळी वाटीभर कांद्याचा रस! का? तर ताईंनी सांगितलंय!

आता तुम्ही विचाराल, ह्या ताई कोण? तुम्हाला सांगतो, पण बाहेर कुठे बोलू नका. ताई म्हणजे मी.

हसा, हसा! पण अन्न समोर आलं की माणूस खातो, तसं काम समोर आलं की करावं लागतं. मी साप्ताहिकात आहे, सव्वीस वर्षं. हवामान, शब्दकोडं, हरवले-सापडले, ही माझी खाती. 'ताऱ्यांच्या केसांचं गुपित' हे पान एक बाई लिहायच्या, त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, आणि संपादक मला म्हणाले, "उद्यापासून ते पान तुम्ही." मी नुसतं डोकं पुढे वाकवून दाखवलं. म्हटलं, साहेब, आधी हे बघा. तर म्हणाले, "वाचक तुमचं डोकं बघत नाहीत, तारकेचं बघतात. आणि खाली नाव 'ताई' असंच ठेवा. केसांच्या बाबतीत पुरुषावर कोण विश्वास ठेवतो?"

बरं, मी प्रामाणिक माणूस. फोन केला की एका तारकेच्या घरी! चार दिवस केला! तिकडून कोणीतरी सेक्रेटरी, तो नाकातून बोलायचा, "म्यॅडम शूटिंगला गेल्यात... म्यॅडम झोपल्यात... म्यॅडम डोकं धुतायत..." अरे बाबा, तेच तर विचारायचंय, कशानं धुतायत? की ठेवला फोन! इकडे पान छपाईला जायची वेळ झालेली, समोर टेबलावर माझा गार झालेला चहा... दिलं लिहून! 'एक आघाडीची तारका शाम्पू केल्यावर केसांवर गार चहाचं पाणी ओतते.' नाव नाही, गाव नाही. बिघडलं कुठे?

बिघडलं पान लावताना! आमच्याकडे पानं लावणारा एक इसम आहे, त्याला आम्ही फूटपट्टी म्हणतो. त्याला मजकूर कळत नाही, मजकुराची लांबी कळते. आला. "दोन ओळी कमी पडतायत. भरा." म्हटलं, पानावरचा फोटो मोठा कर. "फोटो मोठा केला की नाक जाहिरातीत जातं. भरा!" भरल्या! 'त्यानंतर ती गॅलरीत उभी राहून, उत्तरेकडे तोंड करून, एकशे एक वेळा फणी फिरवते.' उत्तरेकडेच का? ऑफिसची खिडकी उत्तरेला आहे म्हणून! एकशे एक का? शंभर लिहून ओळ भरत नव्हती म्हणून!

आणि शनिवारी घरी बघतो तर काय? आमची बायको गॅलरीत, केस ओले, तोंड उत्तरेकडे, म्हणजे शेजारच्या पाण्याच्या टाकीकडे, हातात फणी! म्हटलं, "अगं, काय चाललंय?"

"सत्तावन्न, अठ्ठावन्न... घालवलंत ना! आता पुन्हा पहिल्यापासून!"

"अगं, पण थंडी वाजेल!"

"वाजू दे. ताईंनी सांगितलंय!"

आता तुम्ही म्हणाल, तिथल्या तिथे सांगून टाकायचं, अगं, ती ताई मीच. जीभ रेटली नाही हो. गेल्या वर्षी तिला टायफॉइड झाला होता. मनगटाएवढा शेपटा होता तिचा, तो महिन्याभरात मूठमूठ गळून गेला. तेव्हापासून डोक्याला कायम रुमाल. कोणी फोटो काढायला लागलं की ही स्वयंपाकघरात. डॉक्टर म्हणाले होते, येतील आपोआप, मीही म्हणायचो, "येतील गं," पण नजर माझी कागदावर! आणि ती म्हणायची, "तुम्हाला काय कळतंय?" तीच ही बाई, रुमाल काढून, उघड्या गॅलरीत, फणी फिरवत चक्क गुणगुणत होती. डॉक्टरांनी सांगितलेले केस आपल्या वेळेला आले, श्रेय ताईला गेलं. जाऊ द्या की! माझ्या गार चहानं तिला पुन्हा आरशासमोर उभं केलं, तर मी त्यात कशाला माती कालवू?

पण आवरायचं कुठे ते कळायला हवं ना! एका आठवड्यात माझी रजा नामंजूर झाली, रागारागानं लिहिलं, 'एक तडफदार नायक आठवड्यातले सहा दिवस केसांना सुट्टी देतो.' घरी म्हटलं, "पाणी तापव." तर म्हणे, "आज केसांना सुट्टी." "मी माझ्या अंघोळीचं म्हणतोय!" पुढच्या आठवड्यात उजवा हात मुरगळला, तेव्हा लिहिलं, 'शाम्पू मगभर पाण्यात कालवून डाव्या हातानंच लावावा.' झालं! न्हाणीघरात बाटल्या, मग, चहाचं पातेलं, आणि माझा दाढीचा ब्रश खिडकीबाहेर! मेहुणीनं ऐकलं, शेजारणींनी ऐकलं... तुम्हाला सांगतो, सकाळी आमच्या इमारतीच्या सगळ्या गॅलऱ्यांत ओल्या केसांच्या बायका एकाच दिशेला तोंड करून उभ्या! समोरच्या एका आजोबांनी घाबरून पोलिसांना फोन केला. हवालदार आला, त्याला सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, "ताईंनी सांगितलंय!" जाताना तो साप्ताहिकाचं नाव लिहून घेऊन गेला, बायकोसाठी.

आणि एक दिवस वाचकांच्या पत्रांत एक पत्र. अक्षर बघितलं आणि ओळखलं. आमच्या घरच्या वाण्याच्या यादीतलं, बायकोचं अक्षर! 'प्रिय ताई, तुमच्यामुळे माझे केस परत आले. आता आमच्या ह्यांचं बघा. माणूस चांगला आहे, पण डोकं सदा कागदात, आणि वर काढतात तेव्हा नुसतं चकाकतं. माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील.'

म्हटलं, आयती संधी! लिहिलं, 'प्रिय भगिनी...' स्वतःच्या बायकोला भगिनी लिहिताना दोनदा खोडलं हो मी! 'प्रिय भगिनी, टक्कल हे बुद्धीचं लक्षण आहे. नवऱ्याच्या केसांचा नाद सोडा. त्याला सुट्टीच्या दिवशी नऊपर्यंत झोपू द्यावे, भाजीला पाठवू नये.' आणि खुशीत जेवायला गेलो.

शनिवारी सहाला बायको उशाशी. हातात वाटी. "उठा!"

"अगं, आज नऊपर्यंत..."

"तुम्हाला कसं कळलं?"

"अं? काही नाही... झोपेत बोललो."

तिनं अंक माझ्या नाकासमोर धरला. माझं उत्तर जसंच्या तसं. आणि खाली दोन ओळी, 'मात्र त्याआधी रोज सकाळी डोक्याला कांद्याचा रस चोळून त्याला अर्धा तास उत्तरेकडे तोंड करून बसवावे.' फूटपट्टी! ऑफिसात गेलो, त्याची कॉलर धरली. तो शांत. "दोन ओळी कमी पडत होत्या. तुम्ही जागेवर नव्हता. माझ्या डब्यात कांदा होता. भरल्या." याला म्हणतात केसानं गळा कापणं! बरं, ओरडायची सोय नाही! या दोन ओळी थाप म्हणायच्या, तर मग गार चहा काय? एकशे एक काय? पुन्हा रुमाल बांधून बसली तर?

बसलो. रोज बसतोय. ती चोळते, मी टाकीकडे तोंड करून बसतो. कागद नाही, पेन्सिल नाही, डोळे उघडता येत नाहीत, मग करायचं काय? बोलायचं. ती बोलते, मी बोलतो. परवा ओरडली, "अहो, एक केस आला!" कांद्याचा पापुद्रा होता तो. मी तो तसाच राहू दिला.

आणि या आठवड्यात दुसरं पत्र. 'प्रिय ताई, फरक पडतोय. पण एक सांगू? तापात मी एकटी पडून असायचे, तेव्हाही हे कागदातच होते. आता रोज अर्धा तास माझ्याजवळ बसून बोलतात. किती दिवस चोळायचं, ते कळवा.'

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा एखादा मजकूर मी दुरुस्त न करता वाचला. चारदा वाचला. डोळ्यांत पाणी आलं, आणि तेव्हा कांदा घरी होता, मी ऑफिसात. 'आठ दिवस पुरे' एवढं लिहिलं असतं तर सुटलो असतो! नाही लिहिलं. लिहिलं, 'कायम चोळावे.' आणि दिलं पाठवून.

घरी जाताना बसमध्ये डोक्यात लख्ख उजेड पडला. कायम चोळावे... दोनच शब्द! अहो, फूटपट्टीला भरायला केवढी जागा उरली असेल!

अंक आज आलाय. मी उघडलेला नाही, छाती होत नाही. पण आत्ता, इथे येताना, घरून फोन, "येताना लसूण आणा. दोन किलो."

"अगं, दोन किलो?"

"ताईंनी सांगितलंय!"

...तर, इथे जवळपास लसूण कुठे मिळेल हो?