दुसरा नंबर

अबे, आमच्या हुडकेश्वरच्या चौकातलं ते शिल्प पाहिलं का तू? सरकारी खर्चानं बसवलेलं, लोखंडाचं, वाकडंतिकडं. आमच्या शेजारच्या मंदाकाकू त्याले पहिल्या दिवसापासून भंगार म्हणत. "एवढ्या पैशात नालीवर झाकणं आली असती," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मग आला तान्हा पोळा. पोट्टे आपापले चाकावरचे लाकडी नंदी दोरीनं ओढत चौकात जमले. तेवढ्यात कोणाच्या तरी ध्यानात आलं का या लोखंडालेबी दोन शिंगं आन् वशिंड हाय. झालं! बायांनी त्याले हार घातला, झूल टाकली, कुंकू लावलं.

नेमका तेव्हाच शिल्पकार आपलं काम पाहाले पुण्याहून आला. ती झूल पाहून त्याचं डोकंच सरकलं. "अहो, हा बैल नाही! ही मानवी मनाची झेप आहे!"

नंदी-सजावटीच्या स्पर्धेले दरवर्षी परीक्षक मंदाकाकूच. त्या शांतपणे म्हणाल्या, "असंन बापा. पण म्या तं त्याले स्पर्धेत घेऊन टाकलं. दुसरा नंबर आला तुमचा." आन् बक्षिसाचा स्टीलचा डबा त्याच्या हातात देला.

गड्यानं डबा उलटापालटा करून पाहिला. रागवावं का हसावं, त्याले समजेना. मग हळूच विचारतो, "दुसरा का? पहिला का नाही?"

काकू म्हणाल्या, "पहिला कसा देऊ जी? चाकं कुठं हायेत त्याले?"