कायदेशीर रहिवासी

हॅलो?… हो, एनिडच बोलतेय, दुसरं कोण उचलणार या घरात… अगं विनी, आधी तो टीव्हीचा आवाज कमी कर. तुझे शर्यतीचे घोडे माझ्या कानात धावताहेत… हं, आता ठीक.

नाही, बरी आहे मी. गुडघा आहे तसाच. ऐक ना, परत आलं… पत्र गं. टीव्हीच्या लायसन्सचं. लाल अक्षरातलं… अगं, माझ्याकडे लायसन्स नाही हे मलाही ठाऊक आहे. टीव्हीच बघत नाही तर दरवर्षी पैसे भरून काढू कशाला?… तेच तर कळवलं ना त्यांना, तीन वर्षांपूर्वी क्लिफर्ड गेला त्याच महिन्यात. ‘माझे यजमान वारले, टीव्ही तेच बघायचे, मी रेडिओ ऐकते, लायसन्स बंद करा.’ चांगल्या कागदावर, वळणदार अक्षरात. तिथेच चुकलं माझं.

हो, हो… म्हणाली होतीस तू, कळवू नको म्हणून. आता नाकाने कांदे सोलू नकोस.

थांब, वाचून दाखवते. चष्मा कुठे… हं. ‘प्रिय कायदेशीर रहिवासी.’ ऐकलंस? शेहेचाळीस वर्षं या दारातली पायरी घासली, दोन पोरं वाढवली, नवरा इथून उचलून नेला, आणि मी कोण, तर कायदेशीर रहिवासी. पहिली तीन पत्रं क्लिफर्डच्या नावाने आली. मी कळवलं, तो आता नाही. मग त्यांनी त्याचं नाव काढलं, पण माझं घालायला काही हात धजला नाही कुणाचा… आत काय असणार? तेच. आम्ही चौकशी सुरू केली आहे, अधिकारी भेट देतील, कोर्ट, हजार पौंड दंड. आणि अगदी तळाशी, ‘आमच्या सेवेविषयी आपलं मत कळवा.’

हसू नकोस गं. या वयात मॅजिस्ट्रेटपुढे उभी राहू का मी? पेपरात नाव येतं. कोपऱ्यावरच्या ग्लॅडिसचं आलं होतं, कुत्र्यावरून, ती अजून चर्चमध्ये मागच्या बाकावर बसते. मी आयुष्यात कुणाची सुई उचलली नाही, विनी. खरं सांगतेय आणि कुणी खरं धरत नाही, ते झोंबतं मला.

टीव्ही ना? आहे की, पुढच्या खोलीतच… नाही टाकवत. त्याच्या चपला दिल्या, कोट दिले, टीव्ही नाही देववला. वर विणलेलं कापड घातलंय आणि जेरेनियमची कुंडी ठेवलीय. छपरावरचा अँटेना तर शेजारचे सटक्लिफ केव्हाच उतरवून गेले… अगं, घरात ठेवणं गुन्हा नाही, लायसन्सशिवाय बघणं गुन्हा आहे. आता वकिली करू शकेन मी.

आणि तू कुठल्या तोंडाने हसतेस? सकाळपासून टीव्ही चालू तुझा. लायसन्स कुणाच्या नावावर आहे?… आईच्या. म्हाताऱ्यांचं फुकटातलं. आणि आईला जाऊन नऊ वर्षं झाली… हो, तू कळवलं नाहीस, म्हणून ते आपले पाठवताहेत, ‘मिसेस एडिथ हॉलरॉइड’ असं छान नावानिशी. त्यांच्या लेखी किती वर्षांची झाली गं आई?… एकशे तीन. बघ म्हणजे. मेलेली आई टीव्ही बघते, हे त्यांना पटतं. जिवंत एनिड बघत नाही, हे पटत नाही.

आई असती तर खूश झाली असती म्हणा. ती गाडी आठवते का तुला? टपावर भोंगा लावलेली, कुणाकडे टीव्ही चालू आहे ते हुडकणारी… हो ना, गल्लीत शिरली की सगळ्या बायका टीव्ही बंद करून मागच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या. भर पावसात.

थांब. दार वाजलं… नाही, ठेवू नकोस. पडद्याआडून बघते… हातात कागद अडकवलेली फळी, गळ्यात ओळखपत्र. विनी, तोच आलाय… माहीत आहे गं. आत घ्यायचं नाही. वॉरंट नसेल तर घरात पाय टाकायचा हक्क नाही त्याला. उंबऱ्यावरूनच वाटेला लावते, वाक्य पाठ केलंय मी, आरशासमोर उभं राहून. स्पीकरचं बटण दाबून ठेवते. तू साक्षीदार.

नमस्कार… हो, मीच ती, कायदेशीर रहिवासी. हे बघा साहेब, तुम्हाला घरात घ्यायला मी बांधील नाही. तुमच्या पत्रांना मी तीन वेळा उत्तर दिलेलं आहे, आणि यापुढे… तुम्ही केवढे भिजलात. छत्री नाही आणली?… बसथांब्यापासून चालत? अहो मग उभे काय राहिलात, आत या. पाय पुसा. चहा आत्ताच मुरलाय.

विनी, गप्प बस, तो कोट काढतोय तिकडे… मग काय करू? माणूस दारात गळतोय आणि किटली गरम आहे. आईने हेच शिकवलं ना… हो, मूर्ख आहे मी. तीन वर्षांची तयारी एका ओल्या कोटापुढे आडवी झाली. फोन टेबलावर ठेवते, ट्रेला दोन हात लागतात.

दूध घालू?… साखर दोन. ही आल्याची बिस्किटं घ्या. बुडवा खुशाल. त्या खुर्चीत नको, तिचा पाय हलतो. नाव काय तुमचं?… मिस्टर पार्टिंग्टन. बघा, तुम्हाला नाव आहे.

हो, तोच टीव्ही. थांबा, कुंडी काढते… मागे बघा हवं तर, वायरसुद्धा नाही… लावून बघायचाय? लावा. तीन वर्षांत बटणाला हात लावलेला नाही मी… कारण? कारण असं की क्लिफर्ड टीव्हीवर ओरडायचा. पंचांवर, मंत्र्यांवर, हवामान सांगणाऱ्या बाईवर. तो गेल्यावर मी एकदाच लावला, आणि कुणी ओरडलंच नाही. ते मला सहन झालं नाही. हे तुमच्या फॉर्मच्या कुठल्या रकान्यात बसतं, बघा तुम्हीच.

‘सिग्नल नाही.’ तो स्वतःच सांगतोय, माझं सोडा… हं, लिहा मग. लायसन्सची गरज नाही. आणि तिथे रहिवासी नको. एनिड मार्गरेट हार्डकासल. पूर्ण लिहा, जागा पुरली नाही तर खालच्या ओळीत लिहा… आता पत्रं बंद?… दोन वर्षं? आणि मग पुन्हा विचारणार. बरं. दोन वर्षांनी चहा असेलच.

कसला आवाज?… हो, घोडेच ते. कान तिखट आहेत तुमचे. टेबलावरच्या फोनमधून येतोय… तिकडे टीव्ही चालू आहे, हो. तिकडे म्हणजे व्हिटबीला… कोण म्हणजे…

आई. आई आहे माझी. मिसेस एडिथ हॉलरॉइड… शर्यतींचं भारी वेड तिला. ऐकायला येत नाही, म्हणून आवाज मोठा… एकशे तीन… लायसन्स आहे की, तुमच्याच ऑफिसचं. बघा ना त्या हातातल्या यंत्रात… सापडलं? मग… ठणठणीत आहे हो. नऊ वर्षांत साधी शिंकली नाही… खरंय तुमचं, अशा बायका आता राहिल्या नाहीत… वाढदिवस? नऊ मार्च… अहो, नको, कशाला उगीच… बरं. सांगते तिला. सांभाळून जा, पायरी निसरडी आहे.

…विनी? आहेस ना?… गेला. हो, गेला. तीन वर्षं खरं बोलले, अकरा पत्रं आली आणि हा माणूस येऊन टीव्हीमागे वाकून बघून गेला. एक खोटं बोलले, तर चहाचा घोट न थांबवता मान डोलावली त्याने. वर डोळ्यांत पाणी… त्याच्या गं. तो म्हणाला, इतक्या वयाचं एवढं इमानदार माणूस आमच्या यादीत दुसरं नाही.

हो, सुटलीस. पण पुरती नाही… तेच सांगतेय. नऊ मार्चला त्यांच्या ऑफिसची माणसं केक घेऊन येणार आहेत तुझ्याकडे. सोबत फोटोवाला… मी नको म्हणाले, दोनदा म्हणाले. पण तुला ठाऊक आहे ना, मी नाही म्हटलेलं त्यांना पटत नाही.

ऐक, आईची ती राखाडी शाल आहे का अजून? आणि कवळी काढून ठेव त्या दिवशी… हॅलो?… विनी?… हॅलो?

…आई?