चिठ्ठी निघालेलं गाव

निता : …आणि नशेच्या गोळ्यांवर महिन्याला किती उडवायचा तुमचा मुलगा?

बेबीताई : मले काय मालूम, मॅडम. डब्यातले शंभर-दोनशे गायब झाले की समजे.

निता : अंदाजे सांगा, बेबीताई. फॉर्ममध्ये रिकामं ठेवता येत नाही.

बेबीताई : हजार लिहा.

निता : दवाखान्याचा खर्च?

बेबीताई : अकोल्याले नेलं दोनदा. कानातले इकले.

निता : शेवटच्या दिवशी?

बेबीताई : त्या दिवशी काय लागन? मंगरूळपीरच्या रस्त्यावर ऑटोतच गेला माहा अश्वजित. माह्या मांडीवर डोकं होतं. ऑटोवाल्यानं पैसे घेतले नाही.

निता : म्हणजे शून्य. वय?

बेबीताई : एकोणीस. सोयाबीन सोंगाले जाये, चारशे रोजानं.

निता : साठपर्यंत कमावत राहिला असता, असं धरते. एक्केचाळीस वर्षं.

बेबीताई : ते पैसे भेटतात काय?

निता : नाही हो. गावातल्या नशाबंदीच्या कार्यक्रमानं किती नुकसान वाचतं, त्याचा खर्च परवडतो का, ते काढायचंय.

बेबीताई : कामरगावले झाला तोच ना? माह्या बहिणीचा मुन्ना याच गोळ्या खाये. बाया घरी येऊन बसत, बोलत त्याच्यासंग. सुटला. तीन वर्सं झाले. अश्वजित तवा अकरावीत होता. मी सरपंचाले म्हटलं, आपल्या गावातबी आणा. म्हणे, यादीत नाव नाही. काहून नव्हतं, मॅडम?

निता : चिठ्ठ्या टाकल्या होत्या. अर्ध्या गावांत कार्यक्रम, अर्ध्यांत नाही.

बेबीताई : पैसे कमी पडले?

निता : पैसे होते. पण सगळीकडे केला तर फरक कळत नाही.

बेबीताई : म्हंजे आमाले मुद्दाम ठेवलं.

निता : चिठ्ठी निघाली, ताई. मी नाही काढली.

बेबीताई : मंग, कळला फरक?

निता : चांगला कळतोय. तिकडे एकही मृत्यू नाही. इकडे चार. त्यामुळे खर्च वसूल दिसतो.

बेबीताई : अश्वजित धरून चार?

निता : हो.

बेबीताई : आता तरी कार्यक्रम येईन ना इथं? माही धम्मदीपा नववीत हाय. परवा तिच्या दप्तरात त्याच गोळ्यांचं पाकीट भेटलं. लय मारलं तिले. मारून काय होते?

निता : पाहणी पाच वर्षांची आहे. अजून दोन वर्षं इथे काही करता येणार नाही. सही करा इथे.

बेबीताई : (सही करत) मंग तुमी पुन्हा येसानच, हाच फॉर्म घेऊन.