पाटीवरचा ठ

बसच्या खिडकीबाहेर फुटपाथवर फुगेवाला बसल्या बसल्या झोपला होता. कुणाच्या तरी डब्यातून भेंडीचा वास येत होता. आदल्या रात्रीचं स्वप्न मला अर्धंच आठवत होतं. हिंजवडीला जाणारी आमची कंपनीची बस वाकडला अडकली होती आणि ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं होतं. पुढच्या सीटवर एक मुलगी कागदावर वर्तुळं काढत होती आणि तिच्या शेजारचा मुलगा ते पाहत होता.

"फरहत, रोज नुसते भोपळे?"

"अब्बांचा होमवर्क आहे, वैजनाथ."

"त्यांना तर आता दिसत नाही ना?"

"ऐकतात. पेन्सिलचा आवाज. काल म्हणाले, माऊस धरल्यासारखं मनगट फिरवतेस. खांद्यातून फिरव."

"आणि जमलं की?"

"ब्रश देणार. त्यांची शेवटची पाटी पुरी करायचीय. डोळे गेले तेव्हा 'शनिवार पे' एवढंच रंगवून झालं होतं."

"म्हणजे फक्त ठ राहिलाय?"

"हसू नकोस. कुलपांचा दुकानदार म्हणतोय, शुक्रवारपर्यंत द्या, नाहीतर फ्लेक्स लावतो."

"काढ. मी डोळे मिटतो."

पेन्सिल सरसरली.

"अडखळलीस. खाली वळताना."

"टेस्टर ना तू! बग काढल्याशिवाय चैन नाही."

"पुन्हा काढ. सावकाश."

माझ्या शेजारच्या काकांनी डोळे मिटले. मीही मिटले.

"आता?"

"सुरू झालेलं कळलं."

"आणि संपलेलं?"

"संपलं?"

शनिवार पेठेतल्या त्या कुलपांच्या दुकानावर आजही हातानं रंगवलेली पाटी आहे.