न सांगायचं जेवण

भागीरथी : न्हाई काकी, दुसरी खोली बगितली हाय आमी. डिचोलीत. ह्या महिन्याच्या शेवटाला जातो.

सुमंगला : जातो म्हणजे? दोन वर्षं झाली तुम्हांला हांगा आमोण्यात. कौलं गळतात? तुझ्या घोवाचं, केरबाचं, फॅक्टरीतलं काम सुटलं?

भागीरथी : तसलं काय न्हाई.

सुमंगला : मगे विहिरीवर कोण बोललं तुला?

भागीरथी : कोन बी काय बोललं न्हाई. भाडेकरू काय, आज हितं, उद्या तितं. सोडा वो.

सुमंगला : अशी तोडून बोलू नको गो. आज राणीचा रक्ताचा रिपोर्ट आणायला गेली होतीस ना, अर्धा दिवस सुटी घेऊन? वाईट आला काय?

भागीरथी : चांगला आला.

सुमंगला : चांगला म्हणजे किती?

भागीरथी : दिवाळीच्या आदी सात पॉइंट आठ व्हतं. आता धा पॉइंट नऊ.

सुमंगला : देवा रवळनाथा. ती पोर माझ्या तीन पायऱ्या चढताना धापा टाकायची गो. मगे तोंड असं पडलंय कित्याक?

भागीरथी : डाक्टरीन बाईनं इचारलं, काय खायला घालतेस गं पोरीला? गोळ्या तर आमी समद्याच पोरींना देतो, एवढं कुनाचं वाढत न्हाई. आता तुमीच बगा. सकाळी सातला मी काजूच्या फॅक्टरीत जाते, सांजच्याला सहाला येते. माजी लेक दुपारचं काय खाती ते मला म्हाईत न्हाई. ती तुमच्यात जेवती.

सुमंगला : तर सांगायचं, आमची सुमंगलाकाकी घालता म्हणून.

भागीरथी : काय घालता, काकी?

सुमंगला : जेवण.

भागीरथी : कसलं?

सुमंगला : कसलं म्हणजे? शीत, वरण, भाजी. आमच्या घरात असतं तें.

भागीरथी : भात, वरन, भाजी मीबी घालत व्हते. त्येच्यावरच सात पॉइंट आठ झालं व्हतं.

सुमंगला : तुला कितें म्हणायचं आसा तें सरळ म्हण पाहू.

भागीरथी : दिवाळीच्या आदी ह्याच बाईनं सांगितलं व्हतं, पोरीला अंडी द्या, मासं द्या. मी म्हटलं, आमच्या घरात माळ हाय. सासरा माळकरी, ह्यांच्या गळ्यात माळ, राणीच्या गळ्यात मी सोता घातलीया. तर म्हनली, माळ सांभाळायची का पोरगी, ते तुमी ठरवा. त्या दिशी मी हितंच, तुमच्या ह्या दारात बसून रडले. तुमी म्हनलासा, माज्यावर सोड.

सुमंगला : म्हटलं होतं.

भागीरथी : तवापासनं बगते. आयतवारी मी घरात असते. साडेअकरा झालं की तुमच्या परसातनं भाजलेल्या मासळीचा वास येतो. एक आयतवार चुकला न्हाई. राणी म्हनती, रोजच येतो.

सुमंगला : हूं.

भागीरथी : काल तिला इचारलं, काकीकडं काय खातीस गं? लई मागं लागले तवा म्हनली, काकीनं कुनाला सांगायचं न्हाई म्हटलंय, शपत घातलीया. काकी, नऊ वर्साचं लेकरू हाय. आजवर माज्यापासनं काय सुदिक लपवलं नव्हतं तिनं.

सुमंगला : शपथ मीच घातली. खरं आसा तें.

भागीरथी : बगा. मी भांडाय आले न्हाई. तिच्या अंगात रगत आलं ते तुमच्या हातानं आलं, तुमाला बोल तरी कसा लावू? पर ह्यांना कळलं तर ह्यांच्या घशाखाली पानी उतरायचं न्हाई. तवा गुमान निगून जावं म्हटलं. मला निस्तं एकदा सांगा. तिच्या पोटात मासळी गेली का न्हाई?

सुमंगला : आत जा आणि झाकणां काढ.

भागीरथी : कसली झाकनं?

सुमंगला : शेगडीजवळ दोन टोप झाकून ठेवलेत. राणी आता शाळेतून येतली, तिचंच जेवण तें. माझ्या तोंडचं कशाला ऐकतेस? तुझे डोळे आसात, नाक आसा. जा.

(भागीरथी स्वयंपाकघरात जाऊन दोन्ही टोपांवरची झाकणं काढते.)

भागीरथी : ही तर चवळी हाय.

सुमंगला : आळसांदे. चवळीचेच, पण दाणो मोठो. रात्री भिजवले, सकाळी कांदा-खोबरं भाजून, वाटून तोणाक केलं. दुसऱ्यात बघ.

भागीरथी : पाला हाय कसला तरी.

सुमंगला : शेवग्याचा. शेंगा न्यायला सगळा वाडा येतो, पाल्याला कोण विचारीत नाही. त्यात मूगडाळ घालते, वर मूठभर खोबरं. परवा तांबडी भाजी होती, माठाची. सोमवारी कुळथाचं सार. आणि सकाळी तू फॅक्टरीत गेलीस की शाळेआधी तिला वाटीभर तिजान, नाचण्याची पेज गो, गूळ घालून. तेवढी नाक न मुरडता पिते.

भागीरथी : आनि हे टोप?

सुमंगला : नैवेद्याचे. माझ्या सासूच्या वेळेपासून त्यांना नुस्तें, मासळी गो, लागलेलं नाही. माळ घातलेल्या पोरीला मी दुसऱ्या टोपात शिजवून घालणार होते?

भागीरथी : एवढ्यानं रगत वाढलं?

सुमंगला : एवढ्यानं, गोळ्यांनी, आणि चहा बंद केल्यानं. नर्सबाईला मी विचारून आले होते. ती म्हणाली, जेवणाबरोबर चहा प्यालं की पोटात गेलेलं लोह अंगी लागत नाही, त्यापेक्षा आवळा द्या, लिंबू पिळा. आणि तू त्या पोरीला दोन्ही वेळ चहा-चपाती देत होतीस.

भागीरथी : आमच्यात तान्ह्या पोरालाबी च्यात बुडवून देत्यात वो. त्येच्यानं काय व्हतंय आसं कुनाच्या मनात बी येत न्हाई.

सुमंगला : आता येऊ दे.

भागीरथी : पर काकी, मासळीचा वास मी सोता घेतलाय. येड लागलं नव्हतं मला.

सुमंगला : बस त्या पाटावर. हसू नको, आणि वाड्यावर सांगू नको.

भागीरथी : न्हाई सांगत.

सुमंगला : तो सुका बांगडा. न्हाणीच्या चुलीवर भाजते, भायर. खायला नाही. वास यायला.

भागीरथी : वास यायला?

सुमंगला : खाणी बंद झाल्या, आमचा खनिजाचा ट्रक गणपतीच्या चवथीपासून दारात उभा आसा. ताजी मासळी आता आमच्या हाताला लागत नाही. पण ह्या वाड्यावर दुपारी ज्याच्या घरातून नुस्त्याचा वास येत नाही, त्याचं कसं चाललंय तें संध्याकाळपर्यंत देवळात पोचतां. शेजारची सत्यवती पहिली पोचवतली. ट्रकवाल्याची बायको आता पाला उकडून खाता, हें मला तिच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. म्हणून एक बांगडा आणते, तोच आठ दिवस भाजते. शेवटी मांजरसुद्धा हुंगून पुढे जातां.

भागीरथी : आनि राणीला शपत?

सुमंगला : सत्यवतीची नात तिच्याच बाकावर बसते ना? पोर सहज बोलून गेली असती, आमच्या काकीकडे रोज शिवराक, मासळी नाहीच. मला तुमच्या माळेचं लपवायचं नव्हतं गो, माझ्या चुलीचं लपवायचं होतं. तुझ्या मनात असलं काही येईल हें डोक्यातच आलं नाही. रडतेस कित्याक आता?

भागीरथी : रडत न्हाई. लई वंगाळ इच्चार केला मी तुमच्याबद्दल.

सुमंगला : मी तुझ्या जागी असते तर विचारायलासुद्धा थांबले नसते.

(सुमंगलाचा नवरा गुरुदास बाहेरून येतो.)

गुरुदास : सुमंगला, तुझो बांगडो करपता गो भायर. धूर रस्त्यार पावलो.

सुमंगला : अहो, हळू. भागीरथी बसलीय हांगा.

गुरुदास : मगे? ती कितें, पंचायतीची मेंबर?

भागीरथी : मला कळलंय भाऊ समदं.

गुरुदास : बरें जालें. आणखी एकट्याक कळलां. कृष्णनाथाक.

सुमंगला : सत्यवतीच्या घोवाला? तुम्ही सांगितलंत?

गुरुदास : आधी त्यानं सांगितलं. तिठ्यावर बसलो होतो, त्याचाही ट्रक उभा, माझाही उभा. मला बाजूक घेऊन विचारता, गुरुदास, तुका रोज नुस्तें परवडता तरी कसें? म्हटलं, तुझ्याकडेही रोज भाजतात, वास येतो. तर म्हणे, कसलें नुस्तें? मूठभर सुकी सुंगटां, सुकट म्हण, तव्यावर फिरवता सत्यवती, आणि परत डब्यात भरून ठेवता. सुमंगलेकडे वास येतो म्हणून.

सुमंगला : सत्यवतीसुद्धा?

गुरुदास : दोन महिने जाले. आम्ही दोघे पोट धरून हसलो. उभ्या ट्रकांत बसून दुसरें करणार तरी कितें?

सुमंगला : आणि मी तिच्या सुंगटांच्या वासावर जळत होते. काल दुपारी आळसांदे निवडताना डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या. तिच्याकडे शिजतां कितें तर खरं?

गुरुदास : आळू. आणि आठवड्यातून चार वेळा वाटाणे.

सुमंगला : मग माझे आळसांदे बरे.

गुरुदास : तुझे आळसांदे बरेच. माझी साखर उतरली, पोट उतरलें. पण सांगायची चोरी, लोक विचारतात काय खातोस.

भागीरथी : काकी, मी काय म्हनते. सासरा गावाकडनं नाचना धाडतो, हुलगं धाडतो. हुलगं म्हंजे तुमचं कुळीथ. नाचना मला संपत न्हाई, किडं पडत्यात. मी पाटंचं भाकरी थापते त्या तुमच्याबी थापते. तुमच्या ह्या आळसांद्याला तांदळापरास भाकरी चांगली लागंल.

सुमंगला : आणि संध्याकाळचं तुमचं कालवण माझ्याच टोपात. दोन घरांत दोनदा गॅस कशाला जाळायचा? तांबडी भाजी परसात आसाच, मी आणखी दोन वाफे करते.

गुरुदास : माका कोण विचारीत ना. आठवड्यातून एकदा तरी—

सुमंगला : एकदा मिळतलें. भायर, न्हाणीच्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात. आणि त्या दिवशी खरोखर खायचें.

गुरुदास : मगे चलतां.

सुमंगला : भागीरथी, आणि ती डिचोलीची खोली?

भागीरथी : बगितलीच न्हाई. खोटं बोलले. जानार कुठं व्हतो ते माजं मलाबी म्हाईत नव्हतं.

सुमंगला : शाबास. हात धू, राणीचं पान मांडायला मदत कर. ती येतलीच.

भागीरथी : काकी, दोन वर्सांत मी तुमच्यात पानीसुदिक घेतलं न्हाई. मासळीचं घर म्हनून. तुमीबी कदी आग्रव केला न्हाई.

सुमंगला : माळेचं माणूस तू. मी आग्रह करून तुला अडचणीत कशाला घालू? मला कधी वाईट वाटलं नाही त्याचं.

भागीरथी : मला वाटायचं. सकाळपासनं पोटात काय न्हाई माज्या. राणी येईस्तवर दम निगायचा न्हाई. मला वाढा, काकी.