दोन किलो खडीला कुंकू

तुम्ही हसाल, पण खडी तपासायच्या नोकरीत माझा निम्मा वेळ दगडांना आंघोळ घालण्यातच जायचा. नोटाबंदीच्या पुढच्या वर्षी मी तलासरीच्या एका लॅबमध्ये होतो. खडी किती पाणी पिते ते बघायचं, तर तिला अख्खा दिवस पाण्यात बुडवून ठेवायचं, मग एकेक खडा फडक्यानं पुसून वजन करायचं. झाडलोट करणाऱ्या गंजाडच्या मावशी हे सगळं गुंगून बघायच्या.

एका दुपारी दोन किलो खडी पुसून पांढऱ्या फडक्यावर पसरली आणि चहाला गेलो. परत येतो तर प्रत्येक काळ्या खड्याला कुंकवाचं बोट लागलेलं! शे-दीडशे लाल ठिपके. क्षणभर वाटलं, मी अजून टपरीवरच डुलक्या काढतोय.

"मावशी, हे काय केलंत? नमुना बाद झाला! संध्याकाळी साहेबांना रिपोर्ट द्यायचाय."

"ही गोणी आमच्या डोंगराची ना, दादा?"

गोणीवरची चिठ्ठी बघितली. त्यांच्याच गावामागच्या खाणीची होती.

"हो. पण म्हणून सगळ्या खडीला कुंकू?"

"त्या डोंगरावर आमचा देव होता. सुरुंगात फुटला. आता कुठल्या खड्यात असेल, कसं कळणार? म्हणून सगळ्यांना लावलं."

रिपोर्ट दुसऱ्या दिवसावर ढकलून मी गुपचूप दुसरी खडी भिजत घातली. बाद नमुना मागच्या ढिगावर फेकायचा असतो. तो मी फडक्यात बांधून मावशींच्या हातात दिला.

"जड आहे हां," मी म्हटलं.

"असणारच," मावशी म्हणाल्या.